मॉनिटर दोन सेकंद लागतो आणि काळा होतो: कंडेन्सर बदलूनही दुखणं परत का येतं

बटण दाबलं की कंपनीचं नाव झळकतं, दोन सेकंद चित्र दिसतं आणि पडदा काळा. दिवा मात्र हिरवाच. बंद करून चालू केलं की पुन्हा तेवढंच. बऱ्याच खटपटीनंतर एकदाचा लागतो आणि मग दिवसभर गुमान चालतो. दुसऱ्या दिवशी सकाळी परत पहिले पाढे पंचावन्न. जुन्या एलसीडी मॉनिटरचं हे नेहमीचं दुखणं. कोल्हापुरात ते पावसाळ्यात आणि थंडीतल्या सकाळी जास्त उफाळतं, त्यालाही कारण आहे. ते पुढे येईलच.

मार्केट यार्डातल्या गुळाच्या अडत दुकानांत, उद्यमनगरातल्या वर्कशॉपमध्ये, लग्नपत्रिका छापणाऱ्या प्रेसमध्ये ते सतरा इंची, चौकोनी, १२८० बाय १०२४ चे मॉनिटर अजून दिसतात. हिशेबाची लांबलचक यादी त्यावर आजच्या बुटक्या-रुंद पडद्यापेक्षा बरी दिसते. मालक ते टाकायला तयार नसतात आणि माझ्या मते बरोबरच करतात. तक्रार वेगळीच असते: "दुरुस्त करून आणला, थोडे दिवस चालला, परत तसाच झाला." असं का होतं आणि ते कायमचं कसं थांबवायचं, एवढ्यापुरतंच हे लिहितोय.

आधीच सांगतो, हे सपाट पडद्याच्या मॉनिटरबद्दल आहे. माळ्यावर तो जुना खोकेवाला, काचेच्या मोठ्या नळीचा मॉनिटर असेल तर त्याच्या वाटेला जाऊ नका. रंगीत नळीच्या ॲनोडवर वीस हजार व्होल्टच्या वर दाब असतो आणि वायर काढून ठेवली तरी तो काही काळ आत राहू शकतो.

उघडण्याआधी

मामांचा फोन आला होता, शिरोळहून. दुकानातला मॉनिटर. असलं निदान फोनवरही होतं, म्हणून ते बोलणंच देतो.

"अरे, लागतोय की, पण दिसंना झालंय काय."

"मामा, दिवा कुठल्या रंगाचा आहे?"

"हिरवा हाय. मगाशी चित्र आलं, गेलं."

"कॉम्प्युटर चालू राहू दे. खोलीतला लाईट घालवा, शटर खाली घ्या आणि पडद्यावर बॅटरी मारा. तिरकी. अगदी जवळून."

थोडा वेळ काहीच आवाज नाही. मग, "आयला! आत सगळं दिसतंय की रं, बारीक बारीक!"

बॅटरीच्या उजेडात पुसट का होईना चित्र दिसलं, तर पॅनेल शाबूत आहे आणि मुख्य बोर्डही चालू आहे. गेलाय तो फक्त मागचा उजेड, म्हणजे बॅकलाईट. या एका चाचणीने निम्मं काम होतं आणि त्याला एक स्क्रूही काढावा लागत नाही. तरी लोक ती करत नाहीत, थेट 'पॅनेल गेलं' म्हणून मोकळे होतात.

बॅटरी मारूनही काहीच दिसलं नाही तर दिव्याकडे बघा. दिवा ठरावीक तालात लुकलुकत असेल, सोबत बारीक टिक-टिक ऐकू येत असेल, तर पॉवर सप्लाय उठायचा प्रयत्न करतोय आणि दर वेळी बसतोय. दिवा लागतच नसेल तर फ्यूजपासून सुरुवात. आणि चित्र नीट दिसतंय पण सगळं पिवळट किंवा गुलाबी, तर आधी व्हीजीए केबल बदलून बघा. त्या पंधरा पिनांतली एखादी वाकलेली असते आणि एक रंगच पोचत नाही. त्यासाठी मॉनिटर उघडणं म्हणजे उगाच उद्योग.

उभ्या रंगीत रेघा असतील, पडद्याचा अर्धा भाग पांढरा पडला असेल, तर बहुतेक वेळा पॅनेलच्या कडेला चिकटवलेल्या बारीक पट्ट्यांचा सांधा सुटलेला असतो. कडेला बोटाने दाबलं की रेघ जाते, सोडलं की येते. तिथे घरची सोल्डरिंग गन काही कामाची नाही.

आत नेमकं काय बिघडतं

मॉनिटरच्या पोटात साधारण दोन बोर्ड असतात. एक छोटा, व्हिडिओ केबल जोडतो तो. दुसरा मोठा, पिवळट, सप्लायचा. त्यावरच एका बाजूला इन्व्हर्टर असतो, बॅकलाईटच्या बारीक ट्यूबना हजार व्होल्टच्या वर झटका देऊन पेटवणारा. सप्लाय बोर्ड घरातले २३० व्होल्ट घेतो, आधी त्याचे सुमारे ३२५ व्होल्ट डीसी करतो आणि मग दोन लहान व्होल्टेज काढतो: मुख्य बोर्डासाठी बहुधा ५ व्होल्ट आणि इन्व्हर्टरसाठी १२ ते १८ च्या दरम्यान काहीतरी.

या लहान व्होल्टेजच्या लाईनवर चार-सहा कंडेन्सर उभे असतात, म्हणजे वीज क्षणभर साठवून लागेल तशी पुरवणारे छोटे गोल डबे. ४७०, ६८०, १००० मायक्रोफॅरडचे. आणि कुठल्या शहाण्याने ठरवलं कोण जाणे, पण ते जवळजवळ नेहमी हीटसिंकला, म्हणजे उष्णता बाहेर टाकणाऱ्या धातूच्या पट्टीला, खेटून असतात. कंडेन्सरच्या आतला द्रव उष्णतेने हळूहळू कमी होतो. ढोबळ हिशेब असा की तापमान दहा अंशांनी वाढलं की आयुष्य निम्मं. त्यात १९९९ ते २००७ च्या सुमारास बाजारात आलेल्या कितीतरी कंडेन्सरमधला द्रवच सदोष होता, आत वायू धरून ते फुगायचे. आपले चौकोनी मॉनिटर नेमके त्याच काळातले.

द्रव कमी झाला की कंडेन्सरचा अंतर्गत रोध वाढतो, त्यालाच ईएसआर म्हणतात. थंडीत तो आणखी वाढतो. म्हणून सकाळी मॉनिटर लागत नाही आणि खटपट केल्यावर लागतो: दर प्रयत्नात कंडेन्सर थोडा गरम होतो आणि ईएसआर तात्पुरता उतरतो. दोन सेकंदांचं गणितही इथेच आहे. ट्यूब पेटायच्या वेळी इन्व्हर्टर एकदम जास्त करंट ओढतो, दमलेला कंडेन्सर तो पुरवू शकत नाही, व्होल्टेज खाली येतं. ट्यूबमधून हवा तेवढा करंट जात नाही असं दिसलं की इन्व्हर्टरची सुरक्षा उजेड बंद करते. बोर्ड शहाणपणानेच वागतोय, फक्त त्याला उपाशी ठेवलंय.

खात्री करायची तर केस वाळवायचा ड्रायर घ्या. मॉनिटर बंद, वायर काढलेली. मागच्या जाळीतून सप्लायच्या बाजूला दोन-तीन मिनिटं कोमट हवा मारा, जवळून रटरटून नाही. मग वायर लावून चालू करा. पहिल्याच फटक्यात लागला आणि टिकला, तर दोष कंडेन्सरचाच म्हणायला हरकत नाही.

आता उघडा, पण आधी हे

वायर काढली म्हणजे बोर्ड मेला असं नाही. सप्लाय बोर्डावरचा सगळ्यांत जाड कंडेन्सर, ४०० किंवा ४५० व्होल्ट लिहिलेला, ३२५ व्होल्ट धरून बसलेला असू शकतो. स्क्रूड्रायव्हरने दोन पाय जोडून 'फट्ट' करायची आपल्याकडे पद्धत आहे. ती सोडा. ट्रॅक जळतो, टोक उडतं. जुन्या पिवळ्या बल्बच्या होल्डरला दोन वायरी जोडा, शंभर वॉटचा बल्ब लावा आणि ती टोकं त्या कंडेन्सरच्या दोन पायांना टेकवा. मग मल्टीमीटर डीसी व्होल्टवर ठेवून तपासा. शून्याच्या आसपास आलं की हात घाला. एकटे असताना, ओल्या फरशीवर अनवाणी उभं राहून हे काम करायचं नाही. पावसाळ्यात आमच्याकडे तळमजल्याच्या फरश्या पाझरतात, म्हणून मुद्दाम सांगतोय.

स्टँड काढा, मागचे स्क्रू काढा. कड आतल्या खाचांनी अडकलेली असते. स्क्रूड्रायव्हर घुसवला की प्लास्टिक तुटतं, त्यापेक्षा जुनं एटीएम कार्ड फिरवा. बटणांच्या पट्टीची केबल पुढच्या चौकटीला असते, चौकट हिसकली की ती फाटते. बोर्ड झाकणाऱ्या पत्र्याच्या डब्याआधी बॅकलाईटच्या ट्यूबच्या वायरी दिसतील, गुलाबी-पांढऱ्या किंवा निळ्या-पांढऱ्या जोड्या. सोडण्याआधी फोटो. दर टप्प्याला फोटो. कंडेन्सरच्या पट्ट्या कुठल्या बाजूला आहेत ते फोटोत स्पष्ट दिसलं पाहिजे, कारण बोर्डावरची रंगवलेली अर्धी बाजू सगळ्याच कंपन्या ऋण टोकासाठी वापरतील याचा भरवसा नाही.

वर्कशॉपमधला मॉनिटर असेल तर आधी ब्रश मारा. शिरोली, गोकुळ शिरगावच्या फाउंड्रीतून आलेल्या बोर्डावर काळी भुकटी बसलेली असते आणि ती साधी धूळ नसते, तिच्यात लोखंडाचे आणि कोळशाचे कण असतात. दमट हवेत तीच भुकटी दोन ट्रॅकमध्ये वीज वाहून नेते. मऊ ब्रश आणि आयसोप्रोपिल अल्कोहोल घ्या, पूर्ण वाळू द्या. काही बोर्ड एवढ्यानेच सुधारतात.

परत का येतं, ते इथे

आता कंडेन्सर बघा. डोक्यावर फुली असते, ती सपाट हवी. फुगीर दिसली, तपकिरी डाग दिसला, बुडाशी ओलसर कड दिसली, तर तो गेला. बहुतेक जण इथे एक किंवा दोन फुगलेले काढतात, तेवढेच बदलतात, मॉनिटर लागतो आणि काम झालं म्हणून झाकण लावतात. शेजारचे चार कंडेन्सर त्याच कंपनीचे, त्याच वयाचे, त्याच हीटसिंकशेजारी भाजलेले. ते दिसायला सपाट असतात, आतून कोरडे पडत आलेले. साध्या मीटरवर मायक्रोफॅरड मोजलं तर जवळपास बरोबर येतं, म्हणून लोक फसतात. ईएसआर त्यात दिसत नाही. ऑनलाईन छोटा कंपोनंट टेस्टर मिळतो, तो ईएसआर दाखवतो. अशी कामं वरचेवर करणाऱ्याने घ्यावाच. एकाच मॉनिटरसाठी घ्यायची गरज नाही, कारण नियम सोपा आहे: कमी व्होल्टेजच्या बाजूचे सगळे कंडेन्सर एकदम बदलायचे. सगळ्यांचे मिळून पैसे एका रिक्षाफेरीएवढे होत असतील.

दुसरं कारण, चुकीचा माल. दुकानात जाऊन '१००० मायक्रोफॅरड, २५ व्होल्ट' एवढंच म्हटलं की साधा कंडेन्सर हातात पडतो. अशा सप्लायमध्ये कंडेन्सरमधून सेकंदाला हजारो वेळा करंट आत-बाहेर होतो, साधा त्यात तापतो आणि लवकरच फुगतो. मागायचा तो लो ईएसआर, १०५ अंशांचा. ८५ अंश लिहिलेला परत द्या. मायक्रोफॅरड तेवढेच, व्होल्ट तेवढे किंवा एक पायरी वर: ५ व्होल्टच्या लाईनवर १० चा असेल तर १६ चा चालतो, इन्व्हर्टरच्या लाईनवर २५ चा असेल तर ३५ चा उत्तम, फक्त उंची आणि जाडी बसते का बघा. पत्र्याच्या डब्याला डोकं टेकायला लागलं तर उपयोग नाही. हातात धरल्यावर आकाराच्या मानाने फारच हलका वाटला तर घेऊ नका. मोठ्या डब्यात छोटा कंडेन्सर भरून वरून छान छापील आवरण घातलेला माल बाजारात असतो.

आणि जुन्या मदरबोर्डावरून कंडेन्सर काढून लावायचा मोह टाळा. त्यातले बरेच ६.३ व्होल्टचे असतात. १५ व्होल्टच्या लाईनवर लावला तर आवाज ऐकायला शेजारी येतील.

तिसरं कारण बोर्डाच्या दुसऱ्या अंगाला लपलेलं आहे. ३२५ व्होल्टच्या बाजूला, आठ पायांच्या छोट्या आयसीशेजारी एक चिमुकला कंडेन्सर असतो, बहुधा २२ किंवा ४७ मायक्रोफॅरड, ५० व्होल्ट. सप्लायला उठवायचं काम त्याचं. तो कोरडा पडला की गंमत अशी होते: मॉनिटर रात्रंदिवस प्लगला लावून ठेवला तर ठीक चालतो, पण एकदा लाईट गेली की नंतर उठतच नाही, नुसता लुकलुकतो. मग लोक महावितरणला शिव्या घालतात. हा कंडेन्सर सहसा फुगत नाही, इतका लहान असतो की त्याकडे कुणी बघतही नाही. बोर्ड बाहेर काढलाच आहे तर तोही बदला.

सोल्डरिंगला २५ वॉटची गन चालते, पण ऋण पाय रुंद तांब्यात बसलेला असतो, तो उष्णता पिऊन टाकतो. तिथे ४० ते ६० वॉटची घ्या. जुन्या सांध्यावर आधी थोडं नवं सोल्डर आणि फ्लक्स द्या, म्हणजे तो लवकर वितळतो. कोरडाच ओढायला गेलात तर पॅड उखडून येतो. भोक बुजलं तर सोल्डर वितळलेलं असतानाच विझलेल्या उदबत्तीची काडी आरपार घाला. बांबूला सोल्डर चिकटत नाही, भोक स्वच्छ निघतं. कंडेन्सर काढत असतानाच बोर्ड उलटा करून ट्रान्सफॉर्मरच्या आणि कनेक्टरच्या पायांकडे भिंगातून बघा. पायाभोवती केसासारखी गोल भेग दिसली की ते ड्राय सोल्डर. सगळे पाय पुन्हा गरम करून नवं सोल्डर द्या. 'टपली मारली की लागतो' हा प्रकार बहुधा यातलाच.

कंडेन्सर बदलूनही दोन सेकंदच

मग ट्यूब किंवा इन्व्हर्टर. मॉनिटर लागतो त्या दोन सेकंदांत कडा बघा. उजेड लालसर-गुलाबी वाटला, किंवा वरची बाजू खालच्यापेक्षा मंद दिसली, तर ट्यूब दमलीय. टोकांना काजळीसारखं काळं कडं धरलं असेल तर शंकाच नको. ट्यूब ठीक दिसल्या तर इन्व्हर्टरचे ट्रान्सफॉर्मर मोजा. एकसारखे दोन किंवा चार असतात. वायर काढून, मीटर ओहमवर ठेवून प्रत्येकाचं जास्त वेढ्यांचं वाइंडिंग मोजायचं. आकडा काय येतो याला महत्त्व नाही, सगळ्यांचा सारखा येतो का ते बघायचं. एकटाच वेगळा निघाला किंवा ओपन दाखवला तर तो गुन्हेगार.

चालू बोर्डावर व्होल्टेज बघायचंच असेल तर मुख्य बोर्डाकडे जाणाऱ्या कनेक्टरवर बघा. तिथे बहुतेक वेळा नावं छापलेली असतात: ५ व्ही, जीएनडी (ग्राउंड), ऑन-ऑफ, डीआयएम (ब्राइटनेस). मीटरची काळी पिन जीएनडीला. ५ व्होल्टच्या जागी ४ च्या आसपास लटकत असेल तर सप्लाय अजून बरा झालेला नाही. काळी पिन चुकूनही ३२५ व्होल्टच्या बाजूला ठेवू नका, ती बाजू थेट मेनशी जोडलेली आहे. फ्यूज उडालेला असेल तर नवा टाकून लगेच प्लग घालायचा नाही. आधी मेनच्या एका वायरीत पिवळा बल्ब घालून, म्हणजे सिरीजमध्ये, मॉनिटर लावा. बल्ब क्षणभर चमकून मंद झाला तर ठीक. भक्कन पेटून तसाच राहिला तर आत शॉर्ट आहे, ब्रिजचे डायोड (एसीचं डीसी करणारे) आणि मॉस्फेट (सप्लायचा मुख्य स्विच) तपासा.

ट्यूब किंवा ट्रान्सफॉर्मर शोधत बसण्यापेक्षा मी हल्ली एलईडी पट्टीचा किट बसवावा असंच सांगतो. दोन बारीक पट्ट्या आणि एक छोटा ड्रायव्हर बोर्ड, त्याला चार वायरी: १२ व्होल्ट, जीएनडी, ईएनए आणि डीआयएम. पहिल्या दोन इन्व्हर्टरच्या लाईनवर (ड्रायव्हरला तेवढे व्होल्ट चालतात का ते आधी बघून), उरलेल्या दोन मुख्य बोर्डाकडून आलेल्या ऑन-ऑफ आणि ब्राइटनेसच्या वायरींवर. काही मॉनिटरमध्ये ब्राइटनेस उलटा चालतो, वाढवला की कमी होतो; सवय होते. पट्टी जास्त लांब असेल तर खुणेवरच कापा. यात किचकट भाग एकच: पॅनेल उघडून ट्यूब सरकवून काढणं. पंखा बंद, खोलीत धूळ नको, काचेला आणि आतल्या पांढऱ्या कागदांना बोट लावायचं नाही. एक कण आत राहिला तर तो रोज दिसणार. जुन्या ट्यूबमध्ये थोडा पारा असतो, त्या मोडू नका, कचऱ्यात टाकू नका. ई-कचरा घेणाऱ्याकडे द्या.

मेनू आपोआप उघडतो, मॉनिटर आपोआप बंद होतो

हे वेगळं दुखणं, पण पावसाळ्यात यालाच लोक सप्लाय समजतात. पुढच्या बटणांच्या आत छोटे स्विच असतात, ओल धरली की न दाबताच दाबल्यासारखे वागतात. मॉनिटर चालू असताना हळूच बटणांच्या पट्टीची केबल सुटी करा. त्रास थांबला तर स्विच बदला, किरकोळ काम आहे.

पुरात बुडालेल्या मॉनिटरबद्दल २०१९ आणि २०२१ नंतर पुष्कळ जणांनी विचारलं. बोर्ड धुऊन वाळवून कधी कधी चालतात. पॅनेलच्या थरांत गाळाचं पाणी शिरलं असेल तर डाग जात नाहीत. लगेच प्लगला लावून बघणं मात्र कधीच नाही.

सगळं जोडल्यावर दोन-तीन तास चालवा, मग पूर्ण थंड होऊ द्या. खरी परीक्षा दुसऱ्या दिवशी सकाळची. आणि एक गोष्ट दुकानदारांनी ऐकावी: मॉनिटरवर घातलेलं ते विणलेलं नाहीतर प्लास्टिकचं कव्हर काम चालू असताना मागच्या जाळीवर टाकून ठेवायचं नाही, मॉनिटर भिंतीला चिकटवायचा नाही. ब्राइटनेस शंभरावरून साठ-सत्तरवर आणला तरी आकडे तेवढेच स्वच्छ दिसतात आणि सप्लाय बराच थंड राहतो.

ज्याचं पॅनेल फुटलंय तो मॉनिटर भंगारात देण्याआधी त्याचा सप्लाय बोर्ड, व्हीजीए केबल आणि स्टँड काढून ठेवा. बोर्डावर मॉडेल नंबर मार्करने लिहा, नाहीतर वर्षभराने कुठला कुठल्याचा हे तुम्हालाच सांगता येणार नाही.